स्वमग्न व्यक्तींची विनोदबुद्धी आणि तिची चित्रपटांतील उपेक्षा

दहांतून चार वजा केले असता काय उरते, असा प्रश्न बुद्धिमापनाच्या चाचणीत एका लहान मुलास विचारण्यात आला. मुलाने 'सहा' हे उत्तर दिले नाही. आपण एक षट्कोन काढू, असे तो म्हणाला. हा मुलगा म्हणजे अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या फॉरेस्ट या गावचा डोनाल्ड ट्रिपलेट. हा प्रसंग नोंदविणारे लिओ कॅनर हे बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमनोविकारतज्ज्ञ होते. इ. स. १९४३ मध्ये 'नर्व्हस चाइल्ड' या त्रैमासिकात त्यांनी अकरा मुलांचा, आठ मुलगे व तीन मुली यांचा, वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि स्वमग्नता या अवस्थेचे स्वतंत्र वर्णन वैद्यकशास्त्रात प्रथमच रूढ झाले. डोनाल्ड हा त्यांतील पहिला मुलगा.

षट्कोनास सहा बाजू असतात; तेव्हा उत्तर बरोबरच होते. मुलास ते ठाऊक होते हे कॅनर यांनाही मान्य होते. हेच उत्तर एखाद्या इतर मुलाच्या तोंडून निघते, तर त्याच्या हजरजबाबीपणाचे कौतुक झाले असते आणि घरोघर तो किस्सा सांगितला गेला असता. डोनाल्डच्या बाबतीत ते लक्षण म्हणून नोंदले गेले. कॅनर हे या उक्तींविषयी उदासीन होते असे मात्र म्हणता येणार नाही. इ. स. १९४६ मध्ये त्यांनी स्वमग्न मुलांच्या असंबद्ध भासणाऱ्या भाषेवर एक स्वतंत्र निबंध लिहिला आणि ती भाषा वस्तुतः असंबद्ध नसून रूपकात्मक आहे, तिचे मूळ मुलाच्या एखाद्या खासगी अनुभवात सापडते, असे दाखवून दिले. आई बडबडगीत म्हणत असता तिच्या हातून पातेले पडले. त्या दिवसापासून पातेल्यासारखी कोणतीही वस्तू दिसली की मुलगा त्या गीतातील दोन शब्द उच्चारू लागला. कवीचे रूपक आणि या मुलाचे रूपक यांत भेद इतकाच, की मुलाच्या रूपकाची किल्ली त्याच्या एकट्याजवळ असते. अशा रीतीने चर्चा रूपकाच्या अंगाने पुढे गेली. विनोदाच्या अंगाने ती गेली नाही. षट्कोनाचे उत्तर थट्टा म्हणून दिले होते की नव्हते, हे आज निश्चयाने सांगता येणार नाही. परंतु ती शक्यता विचारात घेण्याजोगी आहे, असेही दीर्घकाळ कोणास वाटले नाही, आणि या उपेक्षेलाही एक इतिहास आहे.

त्या इतिहासाचा आरंभ नावापासूनच करावा लागतो. 'ऑटिझम' हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या प्रारंभी, निराळ्याच एका विकाराच्या संदर्भात, प्रचारात आणला. 'स्वतः' या अर्थाचा ग्रीक शब्द त्याच्या मुळाशी आहे. मराठीत त्यास 'स्वमग्नता' हा प्रतिशब्द रूढ झाला. शब्द सुबक आहे. परंतु तो निदानाबरोबर एक निर्णयही उच्चारतो. जो स्वतःतच बुडालेला आहे त्यास दुसऱ्याशी वाटून घ्यावयाचे हास्य कोठून असणार, असे हा शब्द ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप येते. प्रस्तुत लेखात रूढीस अनुसरून तोच शब्द वापरला असला, तरी त्याची ही बाजू ध्यानात ठेवणे इष्ट होय.

हास्याचे विवेचन आपल्याकडील साहित्यशास्त्राने पुष्कळ सूक्ष्मपणे केलेले आहे आणि त्यातील दोन भेद येथे विशेष उपयोगी पडतात. रसचर्चेत ज्याच्या ठिकाणी भाव उत्पन्न होतो तो आश्रय, आणि ज्याच्यामुळे तो उत्पन्न होतो ते आलंबन. हास्यरसात वेडाविद्रा वेष, विपरीत चेष्टा, असंबद्ध भाषण करणारा मनुष्य हे आलंबन होय. त्याला पाहून हसणारा तो आश्रय. दुसरा भेद वक्रोक्तीचा. रुद्रटाने नवव्या शतकात वक्रोक्तीचे दोन प्रकार सांगितले आणि मम्मटाने ते पुढे स्वीकारले : श्लेषवक्रोक्ती आणि काकुवक्रोक्ती. बोलणाऱ्याच्या शब्दाचा दुसरा अर्थ घेऊन त्यास उत्तर देणे हा श्लेष. आणि केवळ स्वराच्या हेलकाव्यावरून शब्दार्थाच्या उलट अर्थ सूचित होणे ही काकु. 'फारच शहाणा आहेस!' या वाक्यातील शहाणपण शब्दकोशात सापडत नाही. ते आवाजात असते. आधुनिक संशोधनात स्वमग्न व्यक्तींच्या विनोदाविषयी जे निष्कर्ष निघाले, त्यांतील बरीच विसंगती हा भेद न केल्यामुळे निर्माण झाली आहे. काकु ज्यास उमजत नाही त्यास श्लेषही उमजणार नाही, असे पुष्कळांनी गृहीत धरले.

हे गृहीत प्रत्यक्ष नोंदींशी जुळत नव्हते, ही गोष्ट कॅनर यांच्यानंतर एका वर्षाने प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रबंधावरून दिसते. व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ हान्स आस्पेर्गर यांनी इ. स. १९४४ मध्ये चार मुलग्यांचे वर्णन केले. या मुलांना विनोदबुद्धी नसते, त्यांना थट्टा कळत नाही, आणि ती त्यांच्या स्वतःवर असेल तर मुळीच सहन होत नाही, असे त्यांनी लिहिले. खऱ्या विनोदास जे मोकळे मन आणि माणसांविषयीची जी समज लागते ती या मुलांत नसते, असाही त्यांचा अभिप्राय होता. परंतु त्याच ठिकाणी त्यांनी एक अपवाद नोंदविला : शब्दांवरील कोट्यांत ही मुले चमकतात, आणि त्यांची मजल ध्वनिसाम्यावर आधारलेल्या साध्या मोडतोडीपासून नेमक्या, खरोखर मार्मिक उक्तींपर्यंत जाते. त्यांच्या निबंधातील एक मुलगा, एखादी गोष्ट आपणास तोंडी करता येत नाही हे सांगताना, 'तोंडी' या अर्थाच्या जर्मन शब्दाच्या धर्तीवर 'डोके' या शब्दापासून एक नवेच विशेषण घडवून आपण ती 'डोकी' करू शकतो, असे सांगतो. मराठीत हा शब्द जसाच्या तसा उतरतो, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

एकाच परिच्छेदात विनोदाचा अभाव आणि कोट्यांतील प्रावीण्य या दोन्ही गोष्टी सांगण्यात आपण काही विसंगत बोलत आहो, असे आस्पेर्गर यांना वाटले नाही. याचे कारण 'खरा' विनोद कोणता हे त्यांनी आधीच ठरविले होते. दिलखुलास, मिळूनमिसळून केलेला, स्वतःवरही हसणारा विनोद तो खरा. शब्दांचा विनोद हा केवळ बुद्धीचा खेळ. आपल्याकडेही कोटीबाज लेखकास विनोदी लेखकाच्या पंक्तीत एक पायरी खाली बसविण्याची प्रवृत्ती होतीच. तेव्हा या बाबतीत एकट्या व्हिएन्नाला दोष देण्याचे कारण नाही.

दोष देण्याचे कारण निराळे आहे आणि ते अधिक गंभीर आहे. ते निदान ज्या काळी होत होते, त्या काळी व्हिएन्ना शहरात मुलाच्या सामाजिक योग्यतेविषयीचा वैद्यकीय अभिप्राय हा केवळ अभिप्राय राहत नसे. नाझी राजवटीत आम स्पीगलग्रुंड या संस्थेत सुमारे ८०० मुले मृत्यू पावली आणि त्यांतील अनेकांची हत्या करण्यात आली. इतिहासकार हेर्विग चेक यांनी इ. स. २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, आस्पेर्गर यांनी त्या संस्थेकडे मुले पाठविल्याचे कागदोपत्री पुरावे मांडले. ज्या चार मुलग्यांची वर्णने प्रबंधात आहेत त्यांची बुद्धी आस्पेर्गर यांना उपयुक्त वाटत होती. माणसांत मिसळण्याची, हसण्याची, सांघिक उत्साहात सामील होण्याची शक्ती ही ज्या समाजात नागरिकत्वाची कसोटी मानली जाते, तेथे 'या मुलास विनोद कळत नाही' हे वाक्य निरुपद्रवी राहत नाही.

आस्पेर्गर यांचा प्रबंध जर्मन भाषेत असल्यामुळे बाहेर फारसा वाचला गेला नाही. लंडन येथील लॉर्ना विंग यांनी इ. स. १९८१ मध्ये त्यावर लेख लिहून त्याकडे लक्ष वेधले आणि ऊटा फ्रिथ यांनी इ. स. १९९१ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. मधल्या काळात, इ. स. १९८५ मध्ये, सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि फ्रिथ यांनी एक प्रयोग केला. दोन बाहुल्यांपैकी एकीच्या अपरोक्ष तिची गोटी दुसऱ्या ठिकाणी ठेवण्यात येते. परतल्यावर ती गोटी कोठे शोधील, असा प्रश्न मुलांना विचारला जातो. स्वमग्न मुलांपैकी २० मध्ये १६ मुलांना योग्य उत्तर देता आले नाही. दुसऱ्याच्या मनात काय आहे याची कल्पना करण्याची शक्ती या मुलांत उणी आहे, असा सिद्धान्त यावरून मांडला गेला आणि पुढील दोन दशके त्याचे वर्चस्व राहिले. विनोदासंबंधीचे प्रश्न मग याच सिद्धान्ताची शाखा म्हणून विचारले जाऊ लागले. मुलांना गोष्टी वाचून दाखवावयाच्या, त्यांत उपरोध, थट्टा, खोटे बोलणे हे प्रकार योजावयाचे, आणि पात्र असे का बोलले हे विचारावयाचे, अशी ती पद्धत होती. थोडक्यात, दुसऱ्याने केलेला विनोद उमगतो का एवढेच तपासले जाई. मूल स्वतः कोणता विनोद करते, हे ऐकण्यास मात्र थोडेच संशोधक बसले.

जे बसले त्यांना काही निराळे आढळले. मेरी व्हॅन बुर्गोन्डियन व गॅरी मेसिबोव्ह यांनी इ. स. १९८७ मध्ये स्वमग्न प्रौढांनी आपल्या गटात सांगितलेले विनोद जमविले. त्यांतील बरेच बालिश कोड्यांच्या पातळीवरचे होते. परंतु सगळे नव्हते, आणि मुख्य म्हणजे ते लोक हौसेने विनोद सांगत होते. वसुधा रेड्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी इ. स. २००२ मध्ये इंग्लंडमध्ये स्वमग्न मुलांची डाउन लक्षणसमूह असलेल्या मुलांशी तुलना केली. स्वमग्न मुले कमी हसत नव्हती. दुसऱ्याच्या हसण्यात सामील होण्याचे, दुसऱ्यास हसविण्यासाठी चाळे करण्याचे प्रमाण मात्र त्यांच्यात कमी होते, आणि पाहणाऱ्यास कारण कळू नये अशा प्रसंगीही ती हसत. भरताने हास्याचे आत्मस्थ व परस्थ असे जे दोन भेद केले, म्हणजे स्वतः हसणे आणि दुसऱ्यास हसविणे, त्यांची येथे आठवण होते. इ. स. २००९ मध्ये हसण्याच्या ध्वनीचेच पृथक्करण करण्यात आले, तेव्हा स्वमग्न मुलांच्या हसण्यात केवळ सौजन्यापोटी काढलेला अर्धवट, घोगरा ध्वनी जवळजवळ आढळला नाही. ती हसत तेव्हा कंठातून, पूर्ण स्वराने हसत. खोटे हसणे त्यांना येत नव्हते, असा याचा अर्थ काढण्याचा मोह होतो; संशोधकांनी मात्र याहून अधिक सावध भाषा वापरली आहे.

श्लेष आणि काकु यांचा भेद प्रयोगानेही सिद्ध झाला. आन्द्रेआ सॅमसन व मिखाएल हेगेनलो यांनी इ. स. २०१० मध्ये आस्पेर्गर निदान असलेल्या व्यक्तींना व्यंगचित्रे दाखविली. जेथे गंमत आकारांच्या साम्यावर, म्हणजे एक प्रकारच्या चित्रश्लेषावर, आधारलेली होती तेथे त्या इतरांच्या बरोबरीने होत्या. जेथे गंमत एका पात्राच्या चुकीच्या समजुतीवर होती तेथे मागे पडल्या. त्याच्या नऊ वर्षे आधी, इ. स. २००१ मध्ये, अबिगेल वर्थ व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्वमग्न स्त्रीच्या संभाषणातील शाब्दिक विनोदाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही स्त्री कोट्या, नवे शब्द, सूचक उल्लेख यांची अखंड बरसात करीत असे. एकाच व्यक्तीवरून सर्वांविषयी अनुमान काढता येत नाही हे खरे. परंतु 'विनोदबुद्धीचा अभाव' हा नियम मोडण्यास एक उदाहरण पुरेसे होते.

हे सर्व संशोधन नियतकालिकांच्या पानांत राहिले. सामान्य जनांचे मत बनविले ते चित्रपटाने, आणि विशेषतः एका चित्रपटाने.

बॅरी लेव्हिन्सन यांनी दिग्दर्शित केलेला 'रेन मॅन' हा चित्रपट इ. स. १९८८ च्या अखेरीस प्रदर्शित झाला. त्यास सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, अभिनय आणि पटकथा अशी चार ऑस्कर पारितोषिके मिळाली. डस्टिन हॉफमन यांनी रंगविलेला रेमंड बॅबिट हा प्रौढ स्वमग्न गृहस्थ सिनसिनाटी येथील संस्थेत राहत असतो. त्याचा स्वार्थी धाकटा भाऊ चार्ली त्यास तेथून पळवितो आणि मोटारीने देशभर नेतो. ज्या काळी 'ऑटिझम' हा शब्द पुष्कळांनी ऐकलाही नव्हता, त्या काळी या चित्रपटाने तो घरोघर पोचविला, हे त्याचे श्रेय नाकारता येत नाही. हॉफमन यांनी भूमिकेसाठी घेतलेले परिश्रमही सर्वश्रुत आहेत. परंतु विनोदाच्या दृष्टीने या चित्रपटात जे घडते त्याचे बारकाईने अवलोकन करणे आवश्यक आहे.

रेमंड अस्वस्थ झाला की एका जुन्या विनोदी संवादाची आवृत्ती करतो. हा संवाद बड अ‍ॅबट व लू कॉस्टेलो या जोडीचा. इ. स. १९३८ मध्ये तो नभोवाणीवरून देशभर गाजला आणि इ. स. १९४५ च्या त्यांच्या एका बोलपटातही आहे. बेसबॉल संघातील खेळाडूंची नावेच मोठी विचित्र : पहिल्या ठाण्यावरील खेळाडूचे नाव 'कोण', दुसऱ्यावरील 'काय', तिसऱ्यावरील 'ठाऊक नाही'. पहिल्या ठाण्यावर कोण आहे असे एकाने विचारावे, 'कोण' आहे असे दुसऱ्याने शांतपणे सांगावे, आणि उत्तर मिळूनही प्रश्नकर्त्याने चिडत जावे, अशी ही रचना आहे. शुद्ध श्लेषवक्रोक्तीचा याहून चांगला नमुना सापडणे कठीण. त्यात आवाजाचा हेल नाही, मुद्रेचा इशारा नाही, कोणाच्या मनातील गुप्त हेतू ओळखण्याची गरज नाही. आहे ती केवळ नाव आणि सर्वनाम यांची गाठ. आस्पेर्गर यांनी ज्या प्रकारात ही मुले चमकतात असे लिहिले, तोच हा प्रकार.

आणि चित्रपटाने नेमका हाच संवाद रेमंडला विनोद कळत नाही याचा पुरावा म्हणून योजला आहे. रेमंड तो एकसुरी आवाजात, जणू एखादे न सुटणारे कोडे असल्याप्रमाणे, म्हणतो. हे कोडे नाही, हे हसण्यासाठी आहे, हे तुला कळले तर तू बरा होशील, अशा आशयाचे चार्ली त्यास बजावतो. पटकथेच्या दृष्टीने ही योजना कुशल आहे : एक भाऊ विनोद जाणतो पण माया जाणत नाही, दुसरा विनोद जाणत नाही. परंतु एकच ओळ पुनःपुन्हा म्हणण्यात सुख वाटणे आणि तिच्यातील गंमत न कळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आवडत्या नाटकातील संवाद तोंडपाठ असलेला आणि संकटसमयी ते पुटपुटणारा मनुष्य महाराष्ट्रात तरी दुर्मीळ नाही. त्याला नाटक कळले नाही असे कोणी म्हणत नाही.

चित्रपटगृहात हशा मात्र भरपूर होतो. रस्ता ओलांडत असता 'चालू नका' असा दिवा लागतो आणि रेमंड भर रस्त्यात थांबतो. अंतर्वस्त्रे एका विशिष्ट दुकानातीलच हवीत असा हट्ट धरतो. या प्रत्येक ठिकाणी रेमंड हा हास्याचे आलंबन आहे. आश्रय चार्ली आणि त्याच्यामागे बसलेला प्रेक्षक. शेवटी त्या दुकानाविषयी एक तिरकस शेरा रेमंडच्या तोंडून निघतो. तो विनोद म्हणून स्वीकारलाही जातो. परंतु तो चार्लीपासून शिकलेला, त्याच्या शिकवणीचे फळ म्हणून मिळालेला विनोद आहे. दीर्घ प्रवासानंतर रोग्यात झालेली सुधारणा, असे त्याचे स्वरूप आहे.

या चित्रपटाला स्फूर्ती देणारे किम पीक यांची कथा याहून बोलकी आहे. सॉल्ट लेक सिटी येथील पीक (१९५१–२००९) हे विलक्षण स्मरणशक्तीचे गृहस्थ. ते वस्तुतः स्वमग्न नव्हते. त्यांच्या मेंदूचे दोन्ही गोलार्ध जोडणारा पट्टाच जन्मतः नव्हता. लेखक बॅरी मॉरो यांची त्यांच्याशी इ. स. १९८४ मध्ये भेट झाली आणि तीतून पटकथेचे बीज पडले. डॅरल्ड ट्रेफर्ट व डॅनियल ख्रिस्तेन्सेन यांनी इ. स. २००५ मध्ये त्यांच्याविषयी एक प्रसंग लिहिला आहे. लिंकन यांच्या गेटिसबर्ग येथील प्रसिद्ध भाषणाविषयी त्यांना प्रश्न विचारण्यात आला. इंग्रजीत भाषणास आणि पत्त्यास 'अ‍ॅड्रेस' हा एकच शब्द. पीक यांनी लिंकन ज्या घरी उतरले होते त्या घराचा पत्ता सांगितला आणि तेथे ते एकच रात्र होते, भाषण दुसऱ्या दिवशी झाले, अशी पुस्तीही जोडली. थट्टेचा हेतू नव्हता. परंतु विचारणारा हसला, तेव्हा त्यातील गंमत पीक यांच्या ध्यानात आली. आणि तेव्हापासून ते हे उत्तर मुद्दाम, हसविण्यासाठी देऊ लागले. आलंबनाचा कर्ता झाला, आणि तेही एका क्षणात, कोणाच्या शिकवणीवाचून. रेमंडच्या चरित्रात या क्षणाला जागा मिळाली नाही.

'रेन मॅन'ने घालून दिलेला साचा पुढे दूरचित्रवाणीने उचलला. 'द बिग बँग थिअरी' ही मालिका इ. स. २००७ ते २०१९ या काळात चालली आणि तिचे २७९ भाग झाले. तीतील शेल्डन कूपर या भौतिकशास्त्रज्ञास निर्मात्यांनी स्वमग्न म्हटले नाही, किंबहुना तसे नाही असेच सांगितले. प्रेक्षकांनी मात्र त्यास तसेच ओळखले. उपरोध कळत नाही म्हणून मित्राने 'उपरोध' असे लिहिलेला फलक उंचावून दाखवावा, हा तीतील एक विनोद आहे. काकु ऐकू येत नसेल तर ती लिहून दाखवावी, ही सूचना वस्तुतः व्यवहार्य आहे. मालिकेत ती हशासाठी आहे. शेल्डन स्वतः खोड्या काढतो आणि त्यानंतर ठरावीक आरोळीही ठोकतो. परंतु चित्रीकरणाला उपस्थित असलेल्या प्रेक्षकांचा हशा बहुधा त्याच्या खोडीला नसून, ती त्यास एवढी अपूर्व वाटते या गोष्टीला असतो.

हिंदी चित्रपटांत हास्याची जागा करुणाने घेतली. करण जोहर यांच्या 'माय नेम इज खान' (२०१०) या चित्रपटाचे सारे कथानक एका न कळलेल्या काकूवर उभे आहे. पुत्रशोकाने संतप्त झालेली पत्नी रिझवानला उद्वेगाने सांगते, की जा, राष्ट्राध्यक्षांना सांग की तू दहशतवादी नाहीस. आणि रिझवान खरोखरच राष्ट्राध्यक्षांना भेटण्यास निघतो. शब्दशः अर्थ घेण्याची ही वृत्ती एखाद्या प्रहसनकाराच्या हाती पडती तर तिचे काय झाले असते, याची कल्पना करता येते. येथे ती साधुत्वाची खूण झाली आहे. उपहासापेक्षा हे बरे, असे म्हणता येईल. परंतु साधूलाही विनोद करण्याची मुभा क्वचितच मिळते. अनुराग बसू यांच्या 'बर्फी!' (२०१२) मध्ये प्रियांका चोप्रा यांची झिलमिल आणि मूकबधिर बर्फी यांचे नाते शब्दांवाचूनच्या खेळांतून फुलते, आणि त्या मानाने हा चित्रपट सत्याच्या अधिक जवळ जातो. तथापि चॅप्लिन-कीटन यांच्या परंपरेतील गमतींचा कर्ता बहुतेक ठिकाणी बर्फीच आहे. झिलमिल त्याची सोबतीण.

या चित्रपटांत एक गोष्ट समान आहे. त्यांत स्वमग्न पात्राचे काम नटाने केले आहे, आणि स्वमग्न माणूस कसा असतो याची माहिती निरीक्षणाने मिळविलेली आहे. बाहेरून पाहणाऱ्यास हालचाल, नजर, आवाजाचा सपाटपणा हे दिसते आणि त्याचे अनुकरणही होते. डोक्यात चाललेली गंमत दिसत नाही. गंभीर मुद्रेने केलेला विनोद हा इतरांच्या बाबतीत एक कसब मानला जातो. बस्टर कीटन यांची न हसणारी मुद्रा हीच त्यांची कीर्ती झाली. तीच मुद्रा स्वमग्न माणसाची असली की तिच्यामागे काही नाही, असे समजले जाते.

इंग्लंडमधील डेमियन मिल्टन या स्वमग्न समाजशास्त्रज्ञाने इ. स. २०१२ मध्ये असा सिद्धान्त मांडला, की दोन भिन्न स्वभावांच्या माणसांना परस्परांचे मन न कळणे हा दोघांचाही दोष असतो, एकट्याचा नव्हे. विनोदाला हा सिद्धान्त लावून पाहिला म्हणजे षट्कोनाचे उत्तर पुन्हा समोर येते. तेथे विनोद कोणाला कळला नाही, मुलाला की परीक्षकाला?

स्वमग्न व्यक्तींनी स्वतः केलेला विनोद कोणत्या जातीचा असतो याचे एक उदाहरण इ. स. १९९८ मधील आहे. एका स्वमग्न लेखिकेने 'सामान्य मेंदूच्या लोकांच्या अभ्यासाची संस्था' अशा अर्थाच्या नावाची एक काल्पनिक संस्था स्थापन केली. वैद्यकीय निदानग्रंथाच्या कोरड्या भाषेत तीत सामान्य माणसांच्या 'विकारा'चे वर्णन होते : सामाजिक गोष्टींत अतिरिक्त गुंतलेपण, आपण श्रेष्ठ असल्याचा भ्रम, इतरांसारखे असण्याचा अट्टाहास. उपचार अद्याप ज्ञात नाही. हा उपरोध आहे आणि चांगल्यापैकी बोचरा आहे. ज्यांना उपरोध कळत नाही असे निदानग्रंथ सांगत आले, त्यांच्यापैकी एकीने निदानग्रंथाचीच भाषा उपरोधासाठी वापरावी, यातील विडंबनाचा टप्पा मालिकालेखकांना साधता आला नाही.

पडद्यावरचा बदल त्यानंतर बऱ्याच उशिरा आला. रेचेल इझ्रायल यांच्या 'कीप द चेंज' (२०१७) या चित्रपटात प्रमुख भूमिका स्वमग्न नटांनीच केल्या. त्याचा नायक न शोभणारे विनोद करण्यात पटाईत आहे. पोलिसाची अशीच थट्टा केल्यामुळे त्यास एका गटात सक्तीने हजर राहावे लागते. विनोद फसतात, काही ओंगळही आहेत. परंतु ते त्याचे आहेत. 'अ‍ॅज वुई सी इट' (२०२२) या मालिकेतील तीन प्रमुख पात्रे स्वमग्न नटांनी केली आणि त्यांतील रिक ग्लासमन हे आधीपासून व्यवसायाने विनोदी कलावंत. ऑस्ट्रेलियातील हॅना गॅड्सबी यांनी 'डग्लस' (२०२०) या एकपात्री कार्यक्रमात आपल्या निदानाविषयी मोकळेपणाने सांगितले. सभागृह हसते ते त्यांच्या इच्छेने, त्यांनी ठरविलेल्या जागी. आमिर खान यांचा 'सितारे ज़मीन पर' (२०२५) हा इ. स. २०१८ च्या एका स्पॅनिश चित्रपटावर आधारलेला असून त्यात बौद्धिक वा मज्जासंस्थेच्या निराळेपणासह जगणाऱ्या दहा जणांनी खेळाडूंची कामे केली आहेत. प्रशिक्षकाची फिरकी घेण्याचा अधिकार या खेळाडूंना पटकथेने दिला आहे. कथा मात्र अखेर प्रशिक्षकाच्याच सुधारण्याची आहे.

या सर्वांत अधिक विचारार्ह वाटतो तो अ‍ॅलेक्स लेहमन यांचा इ. स. २०१६ मधील माहितीपट. मॅसॅच्युसेट्समधील चार स्वमग्न मित्रांनी एक विनोदी नाट्यमंडळी काढली होती. एका उन्हाळी शिबिरात त्यांची ओळख झाली होती, एक जण तेथील मार्गदर्शक आणि बाकीचे शिबिरार्थी. त्यांच्या प्रवेशांत शब्दांचे खेळ आहेत, निर्विकार मुद्रेने केलेला असंबद्धपणा आहे, आणि स्वमग्नतेविषयी उपदेश जवळजवळ नाही. संकटावर मात केलेली माणसे म्हणून नव्हे, तर विनोदी नट म्हणून आपणास पाहावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. काही प्रवेश प्रेक्षकांना कळत नाहीत आणि त्याची त्यांना विशेष खंत नाही. आपणा चौघांना ते गमतीचे वाटतात एवढे त्यांना पुरते. आत्मस्थ हास्याची ही चौघांत वाटलेली, म्हणून एकट्याची नसलेली, अशी जात आहे. 'स्वमग्न' या शब्दात तिचा समावेश कसा करावयाचा, हा प्रश्न मराठी परिभाषाकारांपुढे आहे.

डोनाल्ड ट्रिपलेट आपल्या गावच्याच पेढीत दीर्घकाळ नोकरी करून निवृत्त झाले. गोल्फ खेळत, एकट्याने परदेश प्रवास करीत. ओळखीच्या माणसांना टोपणनावे देण्याची आणि क्रमांक देण्याचीही त्यांना सवय होती. ज्याला जो क्रमांक दिला तो कित्येक दशकांनंतरही त्यांना आठवे, आणि ज्यांना तो मिळाला होता ते लोकही तो अभिमानाने सांगत. इ. स. २०२२ च्या एका माहितीपटात ते स्वतः पडद्यावर दिसले. जून २०२३ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.